ड्रिल चालवताना हातमोजे नकोत

संपादक महोदय,

घरगुती दुरुस्तीविषयी जे लेखन प्रसिद्ध होते, त्यात ड्रिल मशीनचा विषय निघाला की ‘हातमोजे घालावेत’ ही सूचना हमखास असते. सूचनेमागचा हेतू चांगला असला तरी सूचना घातक आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

साधे घरगुती ड्रिल पूर्ण वेगात असताना त्याचे मिनिटाला 3000 च्या आसपास फेरे होतात, म्हणजे सेकंदाला सुमारे 50. काहीतरी अडकले हे ध्यानात येऊन बटणावरचे बोट उचलायला पाव सेकंद लागला, असे धरले तरी तेवढ्यात बिटाचे, म्हणजे मशीनच्या टोकाला बसवलेल्या भोक पाडणाऱ्या पिळदार सळईचे, दहा-बारा फेरे झालेले असतात. हातमोज्याचा एखादा सुटलेला धागा बिटाच्या पिळात सापडला, की मोजा भराभर गुंडाळला जातो आणि आतली बोटेही त्याच्याबरोबर ओढली जातात. उघडे बोट बिटाला लागले तर कापेल, पण बहुधा सुटेल. मोज्यातल्या बोटाला ती सोय नसते. सैल बाह्या, ओढणी, मोकळे केस, गळ्यातली साखळी यांनाही हेच लागू आहे. तापलेले बिट काढताना किंवा पत्र्याची धारदार कड हाताळताना मोजे जरूर घालावेत, मात्र मशीन पूर्ण थांबल्यावर.

विजेच्या धक्क्याला सगळेच भितात आणि ते योग्यही आहे. वायरचे आवरण फाटलेले असेल तर ते मशीन लावूच नये. परंतु ज्या क्षणाला भ्यायला हवे, तो वेगळाच असतो आणि त्याकडे सहसा कोणाचे लक्ष नसते. पत्र्याला किंवा लोखंडी पट्टीला भोक पाडताना बिटाचे टोक पलीकडे निघते, तेव्हा भोकाच्या तळाशी धातूची पातळ कड उरलेली असते. बिटाची धार त्या कडेत अचानक रुतते आणि पट्टी हातात धरलेली असेल तर ती हिसका देऊन सुटते व बिटाबरोबर पात्यासारखी गरगर फिरू लागते. पट्टी पक्की बसवलेली असेल तर तोच हिसका मशीनला बसतो आणि मनगट पिळवटते, म्हणूनच मोठ्या मशीनला बाजूची मूठ दिलेली असते. ती अडचण समजून खोक्यातच ठेवून देणारे पुष्कळ आहेत.

यावरचा उपाय अगदी साधा आहे. वस्तू कितीही लहान असली तरी ती शिकंज्यात किंवा क्लॅम्पने आवळावी, पत्र्याखाली लाकडाचा ठोकळा ठेवावा आणि भोक आरपार जाण्याच्या बेतात आले की दाब कमी करावा. धातूवर आधी पंचाने (टोकदार पोलादी अवजाराने) खूण ठोकली तर बिट घसरत नाही. बिट जितके जाड आणि धातू जितका कठीण, तितका वेग कमी ठेवावा. बटण दाबलेलेच राहावे म्हणून दिलेला खटका मशीन हातात असताना वापरू नये, कारण हिसका बसून मशीन हातातून सुटले तरी ते फिरतच राहते.

बिट बदलताना प्लग काढावा, बॅटरीचे मशीन असेल तर बॅटरी काढावी, आणि चकची, म्हणजे बिट पकडून ठेवणाऱ्या जबड्याची, चावी चकमध्ये विसरू नये. चावी नसलेला चक मुठीत धरून बटण दाबत आवळण्याची एक सवय सर्रास दिसते. ती कारागिराच्या हाती कितीही सफाईदार वाटली तरी अनुकरणीय नाही. भिंतीचे काम असेल तर स्विचबोर्डाच्या थेट वर, खाली किंवा आडव्या रेषेत भोक पाडू नये, कारण वायरी बहुधा तिथूनच गेलेल्या असतात. विटा-काँक्रीटची बारीक धूळ फुप्फुसांना अपायकारक असते, म्हणून मास्क लावावा. डोळ्यांवर संरक्षक चष्मा तर प्रत्येक कामात हवाच.

दुरुस्तीविषयी लिहिणाऱ्यांनी यापुढे हातमोज्यांची सूचना वगळून तिच्या जागी ‘वस्तू आधी शिकंज्यात आवळा’ ही सूचना द्यावी, एवढीच विनंती.

आपला,
एक वाचक