नव्याचे नव्वद दिवस

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

दुसऱ्या फेरीचं बोलावणं आलं हे वाचून बरं वाटलं. ग्राहक-तक्रार विभागाची मॅनेजर, हाताखाली नऊ माणसं, आणि मेलच्या शेवटी ते एक वाक्य: पहिल्या ९० दिवसांचा आराखडा सोबत आणावा. नेटवर नमुने ढिगानं आहेत, त्यातलाच एखादा भरून नेते, असं तू लिहिलंयस. तेवढं करू नकोस. ते नमुने समोर बसणाऱ्यांनीही पाहिलेले असतात. ‘पहिले ३० दिवस शिकणार, पुढचे ३० योगदान देणार, शेवटचे ३० नेतृत्व करणार’ हे वर कुठल्याही कंपनीचं नाव घातलं तरी चालतं, आणि म्हणूनच ते वाचून कुणाला काही कळत नाही.

आराखडा मागणाऱ्यांना तुझ्याकडून चमत्कार नको असतो. बाहेरून आलेलं माणूस फारसं काही माहीत नसताना सुरुवात कुठून करतं, कुणाला आधी भेटतं, कशाला हात लावत नाही, हे त्यांना बघायचं असतं. त्यामुळे पानावर तू काय मुद्दाम लिहिलं नाहीस, तेही वाचलं जाणार.

लिहायला बसण्याआधी एचआरला एक छोटा मेल टाक. चारच प्रश्न: जागा का रिकामी झाली, टीममधले किती जण एका वर्षाच्या आतले आहेत, मॅनेजर कुणाला रिपोर्ट करणार, आणि सहा महिन्यांनी ‘निवड बरोबर झाली’ असं तुम्ही कशावरून म्हणाल. दोनच उत्तरं आली तरी पुष्कळ. पहिल्या उत्तरावर तर अख्खा आराखडा फिरतो. जागा नवीनच असेल तर तिच्या हद्दी कुणालाच माहीत नसतात. पहिला महिना कुठला निर्णय कुणाचा हे ठरवण्यात जाणार. आधीच्या मॅनेजरला बढती मिळाली असेल तर ज्या पद्धतीला तू नावं ठेवशील ती त्याचीच असेल, आणि कदाचित तोच मुलाखतीला समोर बसलेला असेल. दोन वर्षांत तीन मॅनेजर येऊन गेले असतील तर टीम तुझ्याही जाण्याची वाट बघत असते. तिथे पहिल्या आठवड्यात मोठी घोषणा केलीस की ती चौथी घोषणा ठरते.

नोकरीच्या जाहिरातीतली क्रियापदं अधोरेखित कर. ‘सांभाळणे’, ‘सुधारणे’ आणि ‘उभारणे’ या तीन वेगळ्या नोकऱ्या आहेत. कंपनीचा वार्षिक अहवाल मिळत असेल तर सगळा वाचत बसू नकोस. व्यवस्थापनानं स्वतः लिहिलेलं विवेचन आणि जोखमींचं प्रकरण तेवढं बघ. मग ग्राहकांनी उघडपणे लिहिलेल्या तक्रारींपैकी सगळ्यात ताज्या ५० वाच आणि त्यांचे ढीग कर: वस्तू उशिरा आली, पैसे परत मिळाले नाहीत, उत्तरच आलं नाही, उत्तर आलं पण उपयोगाचं नव्हतं. संध्याकाळभराचं काम आहे, पण त्यातून निघालेला एक मुद्दा उसन्या दहा मुद्द्यांना भारी पडतो. पानावर मात्र तो ‘बाहेरून असं दिसतं, आत तपासायचं आहे’ अशा भाषेत लिही. चिडलेला ग्राहक लिहितो, समाधानी ग्राहक गप्प बसतो. त्या ५० तक्रारी म्हणजे विभागाचं पूर्ण चित्र नाही, हे मुलाखत घेणाऱ्यांना चांगलं ठाऊक असतं.

आता दिवस मोज. ९० दिवस म्हणजे १२ आठवडे आणि ६ दिवस. आठवड्याला पाच दिवस काम धरलं तर साधारण ६४ दिवस होतात. त्यातून सुट्ट्या, प्रशिक्षण, आणि लॉगिन-परवानग्या मिळेपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे दिवस वजा कर. खरोखरीचे ५५ उरले तर नशीब. आराखड्यात १५ कामं कोंबणाऱ्यांची फसगत इथेच होते. सहा-सात कामं पुरेत. रुजू होण्याची तारीख ठरलेली नसल्यामुळे महिन्यांची नावं नकोत. ‘दिवस १०’, ‘दिवस २५’ असं लिही. महिनाअखेर, तिमाहीअखेर आणि बजेट यांत तुझा कुठला दिवस अडकेल हे त्यांनाच विचारायचं म्हणून बाजूला टिपून ठेव.

पहिला महिना सगळ्यात भरीव लिही, कारण त्याच्याबद्दल तुला आजच खात्रीनं बोलता येतं. नऊ माणसं, प्रत्येकी ४५ मिनिटं, म्हणजे पावणेसात तास. प्रत्येक भेटीनंतर नोंदी लिहायला १५ मिनिटं धरली तर नऊ तास. दिवसाला दोन भेटी घेतल्यास पाच दिवसांत संपतात. सगळ्यांना प्रश्न तेच, त्याच क्रमानं: काय नीट चाललंय, तुमचा वेळ कशात वाया जातो, ग्राहक कशावरून सगळ्यात जास्त चिडतो, कुठल्या गोष्टीला मी हात लावू नये, आणि माझ्या जागी तुम्ही असता तर आधी काय केलं असतं. प्रश्न बदलत गेलीस तर नऊ उत्तरं शेजारी ठेवून बघता येत नाहीत. टीमबाहेरचे चार जणही यादीत हवेत: वितरण, हिशेब विभाग, विक्री, आणि सॉफ्टवेअर सांभाळणारं कुणीतरी. तक्रार तुझ्या विभागात येते, पण तिचं मूळ बहुतेक वेळा या चौघांपैकी कुणाच्या तरी टेबलावर असतं.

टीममधल्याच एखाद्यानं याच खुर्चीसाठी अर्ज केला होता का, हे पहिल्या आठवड्यात वरिष्ठांना विचारायचं. असेल तर त्याची भेट आधी. त्याला बढतीचं गाजर दाखवायचं नाही. कुठलं काम त्याला स्वतंत्रपणे चालवायला आवडेल एवढंच विचारायचं. आराखड्यात यासाठी ओळ घालू नकोस, तोंडी विचारलं तर सांग.

आकड्यांचं थोडं सविस्तर सांगते, कारण तुझ्या कामाचा जीव तिथे आहे. ‘प्रलंबित तक्रारी ३० टक्क्यांनी कमी करणार’ असं लिहायचा मोह होईल. आज किती प्रलंबित आहेत हेच माहीत नसताना ३० टक्के कशाचे? शिवाय तो आकडा कमी करणं फार सोपं आहे: तक्रार सोडवायची नाही, नुसती बंद करायची. आठवडाभरात तोच ग्राहक पुन्हा येतो आणि नवा क्रमांक पडतो. म्हणून प्रलंबित तक्रारींशेजारी ‘पुन्हा उघडलेल्या’ तक्रारींचा आकडा कायम हवा. सरासरीवरही विसंबू नकोस. समज, १०० तक्रारींपैकी ९५ दोन दिवसांत सुटल्या आणि पाच ६० दिवस पडून राहिल्या, तर सरासरी पाच दिवसांच्या जवळ येते. पाच दिवस लागलेली तक्रार तर त्यात एकही नाही! त्यापेक्षा वयानुसार चार कप्पे कर: २ दिवसांपर्यंत, ३ ते ७, ८ ते ३०, आणि ३० च्या वर. मागच्या १२ महिन्यांचे आकडे मागायचे, कारण दोन-तीन महिन्यांच्या आकड्यांत हंगामाची भरती आणि ओहोटी कळत नाही. आराखड्यात लक्ष्य लिहायचं ते असं: ‘दिवस २५ पर्यंत आजची स्थिती मोजणं, सुधारणेचा आकडा तुमच्याशी बोलून दिवस ३० ला ठरवणं.’ हे पळवाट वाटेल अशी भीती वाटते ना? ज्यानं कधी असा विभाग चालवला आहे त्याला ही ओळ सगळ्यात आवडेल.

पहिल्या महिन्यात काही बदलायचं नाही, असा सर्रास सल्ला मिळतो. बहुतांशी बरोबरच आहे, पण अपवाद लिहून ठेव. सुरक्षिततेचा धोका, कायद्याचा भंग, ग्राहकाची माहिती बाहेर जाणं, कुणाचा छळ, पैशांची उघड गळती, यांत ३० दिवस थांबायचं नसतं. त्याच दिवशी वरिष्ठांच्या कानावर घालायचं.

एखादी लवकर दिसणारी सुधारणा मात्र हवी, तीही पहिल्या महिन्याअखेरीस किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीला. ती निवडताना चार गोष्टी बघ: निर्णय तुझ्या अखत्यारीत आहे, वेगळा खर्च नाही, टीमनं स्वतः मागितली आहे, आणि चुकली तर मागे घेता येते. ‘कुणी न वाचणारा रिपोर्ट बंद करणं’ हे सगळ्यांचं आवडतं उदाहरण, आणि तेच अंगाशी येतं. दोन महिने कुणी न उघडलेला रिपोर्ट तिमाहीअखेरीस हिशेब विभागाला नेमका लागतो. म्हणून बंद करण्याची गोष्ट एक तिमाहीअखेर बघून झाल्यावर. आधी एकच माहिती दोनदा भरावी लागत असेल तर ती एकदा भरून भागवण्यासारखं काही शोध.

दुसऱ्या महिन्यात दोनच कामं: वारंवार येणाऱ्या तक्रारींपैकी एका प्रकाराचं मूळ शोधून, जिथे ते निघेल त्या विभागाबरोबर चार आठवड्यांचा छोटा प्रयोग, आणि टीमची आठवड्याची बैठक ठरल्या वेळी, ठरल्या लांबीची, तेच चार कप्पे समोर ठेवून.

तिसरा महिना विरळ ठेव. प्रयोगाचा निकाल, तो वाढवायचा की गुंडाळायचा याचा निर्णय, आणि दिवस ८५ ला वरिष्ठांसमोर पुढच्या सहा महिन्यांचा प्रस्ताव, बास. ७० व्या दिवशी सकाळी काय करशील हे आज लिहिलंस तर ते खोटं वाटतं, आणि असतंही.

ओळी कशा लिहायच्या ते एकीवरून बघ. तुझ्या पहिल्या कच्च्या खर्ड्यात ‘टीमचं मनोबल उंचावणे’ असं आहे. ते खोडून असं लिही: ‘दिवस ३ ते १०: नऊही सहकाऱ्यांशी प्रत्येकी ४५ मिनिटं, तेच पाच प्रश्न. दिवस १२: उत्तरांचा एका पानाचा गोषवारा, नावं न देता, टीमला आणि तुम्हाला.’ कधी, कुणाबरोबर, हातात काय येणार, हे तिन्ही प्रत्येक ओळीत सापडलं पाहिजे. ‘समन्वय साधणे’, ‘आढावा घेणे’, ‘सक्षम करणे’ ही क्रियापदं दिसली की समज तिथे काम ठरलेलं नाही.

आणि पानाच्या तळाशी ‘मी काय गृहीत धरलं आहे’ असा चार ओळींचा चौकोन कर. टीम एकाच ठिकाणी बसते. मागचे आकडे उपलब्ध आहेत. रजा-पाळ्या ठरवण्याचा अधिकार मॅनेजरला आहे. सध्या दुसरी मोठी उलथापालथ चालू नाही. प्रत्येकापुढे ‘नसल्यास’ म्हणून एक छोटं वाक्य. आकडे नसतील तर? पहिले दोन आठवडे साध्या तक्त्यात हातानं नोंद, आणि पुढचं सगळं दोन आठवडे मागे. बाकीचं पान पाठ करूनही भरता येतं. हा चौकोन विचार केल्याशिवाय भरत नाही.

काही गोष्टी पानावर येता कामा नयेत. कुणाला काढणार, कुणाला हलवणार, विभागाची रचना कशी बदलणार, हे बाहेर बसून लिहिणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. आणि तुझ्या सध्याच्या कंपनीतले आकडे, नमुने, ग्राहकांची नावं उदाहरणादाखलही नकोत. जी तिथलं इथे आणते ती उद्या इथलं दुसरीकडे नेईल, असा हिशेब समोरचे मनात करतात.

लांबी दोन पानं, त्याहून जास्त नाही. स्लाइड नकोत, प्रोजेक्टर जोडण्यात वेळ जातो आणि तू वाचून दाखवायला लागतेस. मुलाखत घेणारे जितके, त्यांहून दोन प्रती जास्त ने. आराखडा त्यांनी मागितला असला तरी खोलीत शिरल्याशिरल्या वाटू नकोस. कामाबद्दल प्रश्न सुरू झाले की काढ. सांगायला पाच-सहा मिनिटं, आणि वेळ कमी पडला तर दोन मिनिटांत सांगता येईल अशी आवृत्तीही तोंडात बसव: पहिला महिना आणि तळाचा चौकोन. तुझ्या प्रतीवर पेन्सिल हातात असू दे. कुणी मध्येच तोडून ‘इथे हे चालणार नाही’ म्हणालं तर बचाव करू नकोस. ‘कशामुळे?’ विचार, लिहून घे, आणि त्यामुळे कुठली ओळ पुढे-मागे होईल ते तिथेच सांग. मुलाखत अशी तुझ्या पानावरच्या कामाच्या बैठकीसारखी व्हायला लागली की चांगलं चाललंय असं समज.

दुसऱ्या दिवशी आभाराचा मेल पाठवशील तेव्हा त्यांनी सुचवलेल्या दोन दुरुस्त्या करून सुधारलेलं पान जोड. काय बदललं ते मेलमध्ये दोन ओळींत लिही, त्यांना शोधायला लावू नकोस.

खर्डा बुधवारपर्यंत पाठव. मी लाल पेन घेऊन बसते.

तुझी,
आई