पाणघोडा पूर्वज नव्हे
देवमासे आणि डॉल्फिन यांच्या उत्पत्तीवरील लेखात (रविवार पुरवणी) पाणघोड्याला त्यांचा पूर्वज म्हटले आहे, ते चूक आहे. हयात प्राण्यांत तो त्यांचा सर्वांत जवळचा नातलग खरा, पण चुलत घराण्यातला. देवमाशांचे आद्य पूर्वज सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचे. पाणघोड्याच्या कुळाचे ज्ञात जीवाश्म त्याहून बरेच अलीकडचे. त्या पूर्वजांच्या अधिक जवळचा, आता नामशेष झालेला प्राणी म्हणजे जम्मू-काश्मीरमधील कालाकोट येथे सापडलेला इंडोह्यस. भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी जमवलेल्या खडकांतील त्याची कवटी साफ करताना चुकून फुटली आणि कानाचे जाड हाड उघडे पडले. तशी ठेवण तोवर केवळ देवमाशांच्या कुळातच माहीत होती! २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनाचा लेखात साधा उल्लेखही नसावा, याचे आश्चर्य वाटते.