इतिवृत्त लिहिणाऱ्या काकूंस

आदरणीय काकू,

सादर नमस्कार.

तुम्ही लेकीकडे न्यू जर्सीला कायमच्या राहायला जाणार असल्याचे कळल्यापासून हे पत्र लिहिण्याचे मनात होते. बागेच्या सल्लागार समितीच्या गेल्या सभेत तुमचे आभार मानले गेले, टाळ्या झाल्या, केकही कापला. परंतु ते सारे इतक्या लगबगीत उरकले की इतकी वर्षे चिटणीस म्हणून तुम्ही नेमके काय केलेत, हे कोणी नीट सांगितलेच नाही. शिकागोत राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींपैकीही फार थोड्यांना अशा समित्या असतात हे ठाऊक आहे. म्हणून हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे. तुमचे नाव त्यात कोठेही घातलेले नाही, तेव्हा रागावू नये.

ज्यांना येथील व्यवस्था माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडे सांगतो. शिकागोतील बागा नगरपालिकेच्या एखाद्या खात्याकडे नाहीत. त्या ‘शिकागो पार्क डिस्ट्रिक्ट’ या स्वतंत्र संस्थेकडे आहेत. 1934 मध्ये शहरातील 22 निरनिराळी उद्यान मंडळे एकत्र करून ही संस्था झाली. तिच्या मंडळावरील सात आयुक्त महापौर नेमतात, मालमत्ता करातून तिला स्वतःचा वाटा मिळतो, आणि 600 हून अधिक बागा व 8,800 एकरांहून अधिक जमीन तिच्या ताब्यात आहे. एवढ्या पसाऱ्यात वेस्ट रिज भागातल्या एका लहानशा बागेतील कोणत्या बाकाची फळी सुटली आहे, हे मुख्य कचेरीत आपोआप कळणे शक्य नाही. ते कळावे, आणि बागेत काय हवे नको ते परिसरातील माणसांनीच सांगावे, यासाठी अनेक बागांना रहिवाशांची सल्लागार समिती असते. सभा सर्वांना खुल्या असतात, पदाधिकारी रहिवासी आपल्यातूनच निवडतात, बागेचा सुपरवायझर येऊन कामांची माहिती देतो, आणि कोणालाही एका पैचे मानधन मिळत नाही.

समितीचा अधिकार सल्ल्यापुरताच आहे, हे ऐकून नव्याने येणारा माणूस हमखास हिरमुसतो. ‘सल्लाच द्यायचा असेल तर संध्याकाळ कशाला घालवायची?’ असे एका तरुण गृहस्थांनी भर सभेत विचारले, तेव्हा तुम्ही त्यांना जे सांगितलेत ते मला फार मोलाचे वाटते. 1982 मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने पार्क डिस्ट्रिक्टवर दावा लावला होता. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्त्यांतील बागांना गोऱ्या वस्त्यांतील बागांच्या मानाने पैसा, कर्मचारी आणि सोयी कमी मिळतात, असा त्यातील आरोप होता, आणि पुढल्याच वर्षी न्यायालयासमोर तडजोड होऊन विषमता दूर करण्याची हमी द्यावी लागली. बागेबागेत रहिवाशांच्या सल्लागार समित्या रूढ झाल्या त्या याच दशकात. ‘कोणाच्या बागेला काय मिळाले, हे लिहून ठेवणारे कोणी नसेल, तर ते मिळाले नाही हेही सिद्ध करता येत नाही,’ असे तुम्ही म्हणालात आणि पुन्हा वहीत मान घातलीत. ते गृहस्थ आज समितीचे खजिनदार आहेत.

काकू, मला आभार मानायचे आहेत ते प्रामुख्याने तुमच्या त्या वह्यांचे. अध्यक्ष बदलले, सुपरवायझर बदलले, नगरसेवकही बदलले. बागेची सलग आठवण मात्र एकाच ठिकाणी राहिली, तुमच्या इतिवृत्तात. प्रत्येक सभेची तारीख, हजर असलेल्यांची नावे, मांडलेला विषय, सुपरवायझरने दिलेले उत्तर, आणि त्याखाली ‘पुढील सभेत विचारणे’ अशी रेघ मारून केलेली नोंद. ही शेवटची रेघ फार कामाची ठरली, कारण पुढील सभेत तुम्ही खरोखरच विचारत होता. आवाज न चढवता, कोणाला दोष न देता, ‘मागील इतिवृत्तातील तिसरा विषय’ एवढेच तुम्ही म्हणत असा, आणि उत्तर मिळेपर्यंत पुढच्या पानाकडे वळत नसा. आपल्याकडच्या हाउसिंग सोसायट्यांच्या वार्षिक सभा पाहिलेल्या माणसाला हे दृश्य किती नवलाचे वाटले असेल, याची कल्पना मराठी वाचकांना सहज येईल.

ईशान्येकडील फाटकापाशी साचणाऱ्या पाण्याचे उदाहरण सर्वांना माहीत असायला हवे. शिकागोची जमीन सपाट आणि बरीचशी चिकणमातीची. पुरातन काळी येथे हिमनद्यांच्या वितळलेल्या पाण्याचे विस्तीर्ण सरोवर होते, त्याचा हा तळ. मार्चमध्ये बर्फ वितळू लागले की फाटकापासून घसरगुंडीपर्यंतच्या पायवाटेवर घोट्याएवढे पाणी उभे राहत असे, आणि लहान मुलांची ढकलगाडी घेऊन येणाऱ्या बायकांना गवतातल्या चिखलातून वळसा घालावा लागत असे. तक्रारी पुष्कळ झाल्या, पण त्या तोंडी. तुम्ही पावसानंतर आणि बर्फ वितळल्यानंतर दर वेळी त्याच जागी उभे राहून, त्याच कोनातून छायाचित्र काढलेत, मागे तारीख लिहिलीत, आणि सुपरवायझरच्या हातात गठ्ठा ठेवलात. पार्क डिस्ट्रिक्टचा पुढील वर्षाचा अर्थसंकल्प वर्षअखेरीस मंजूर होतो. त्यामुळे पाणी दिसते वसंतात, तरी मागणी उन्हाळ्यातच पोहोचली पाहिजे, हे गणित आम्हांपैकी कोणाच्याच डोक्यात आले नव्हते. पायवाट उचलून घेतली गेली आणि कडेला पाणी मुरण्यासाठी खडीचा चर निघाला. दुसऱ्या वर्षीच्या मार्चमध्ये तुम्ही पुन्हा तेथे उभे राहून छायाचित्र काढलेत, कारण तुमच्या मते तो विषय त्याशिवाय संपलेला नव्हता.

कोणते काम कोणाचे, ही माहितीही तुमच्याकडूनच मिळाली. बागेच्या आतला दिवा पार्क डिस्ट्रिक्टचा, पण कुंपणाबाहेरच्या पदपथावरचा दिवा शहराचा. आतले झाड त्यांचे, रस्त्याकडेच्या पट्टीतले झाड शहराच्या वृक्ष विभागाचे. शहराच्या दिव्यासाठी 311 क्रमांकावर तक्रार नोंदवायची आणि तिचा क्रमांक जपून ठेवायचा. शहरातील पन्नास नगरसेवकांपैकी प्रत्येकाला आपल्या वॉर्डातील रस्ते, पदपथ, दिवे अशा कामांसाठी दरवर्षी एक ठरावीक रक्कम मिळते, तिला येथे ‘मेन्यू मनी’ म्हणतात, आणि तीतून बागेसाठीही मदत मागता येते. हे सारे तुम्ही एका कागदावर आखून फील्डहाउसच्या, म्हणजे बागेतल्या इमारतीच्या, फळ्यावर लावलेत. तो कागद अजून तेथे आहे. त्याच्या कडा पिवळ्या पडल्या, पण कोणी काढण्याचे धाडस करत नाही.

आता क्रिकेटच्या वादाविषयी. त्या सभेला मी होतो, म्हणून तपशिलाने लिहितो. टेनिसच्या चेंडूने खेळणाऱ्या आपल्या देशी मुलांना शनिवारची सकाळ हवी होती, फुटबॉल खेळणाऱ्या मुलांच्या पालकांनाही तीच हवी होती, आणि दोन्हींमुळे झोपाळ्यांजवळ चेंडू येतात म्हणून आजी-आजोबा मंडळी नाराज होती. मैदानाचा परवाना देणे पार्क डिस्ट्रिक्टच्या हाती. समितीने फक्त शिफारस करायची. तुम्ही भारतीय आणि क्रिकेटवाल्या मुलांपैकी निम्म्यांना घरी पोहे खाऊ घातलेले, तेव्हा तुमचा कल कोणीकडे असेल याबद्दल सभेत कोणाला शंका नव्हती. इतिवृत्त वाचल्यावर मात्र सर्वजण गप्प झाले. दोन्ही बाजूंचे म्हणणे तुम्ही सारख्याच लांबीच्या परिच्छेदांत, त्यांच्याच शब्दांत लिहिले होते, आणि तिसऱ्या परिच्छेदात, सभेत एकदाच आणि हळू आवाजात बोललेल्या एका आजींचे म्हणणे होते: मैदानाची दिशा फिरवली तर फटका झोपाळ्यांकडे येणार नाही. शेवटी शिफारस गेली ती याच सूचनेची, वेळा वाटून घेऊन. भांडण मिटवण्याचे भाषण तुम्ही केले नाहीत. प्रत्येकाला आपले म्हणणे कागदावर नीट उतरलेले दिसले, तेवढे पुरेसे झाले.

तरीही एक गोष्ट स्पष्टपणे लिहितो, कारण तुम्हालाही तीच खुपत होती. अशा समित्यांत येतात ते बहुधा निवृत्त लोक, घरमालक आणि संध्याकाळ मोकळी असणारे. भाड्याच्या घरात राहणारी, रात्रपाळी करणारी, टॅक्सी चालवणारी माणसे बाग सर्वांत जास्त वापरतात आणि सभेला सर्वांत कमी येतात. मग जी बाग घडते ती येणाऱ्यांच्या आवडीची घडते. आपल्या भागात तर डेव्हन अव्हेन्यूच्या एकाच रस्त्याला गांधी, जिना, बांगलादेशचे शेख मुजीब आणि इस्रायलच्या गोल्डा मेयर या चौघांची मानद नावे वेगवेगळ्या तुकड्यांना दिलेली आहेत. तेथे केवळ इंग्रजी सूचना दारावर चिकटवून सर्वांना कळवले असे म्हणणे फारच सोयीचे होते. तुम्ही सूचना घेऊन वाण्याच्या, कापडवाल्याच्या, मिठाईवाल्याच्या दुकानांत गेलात आणि गुजराती, उर्दू, स्पॅनिश मजकूर दुकानदारांकडूनच लिहवून घेतलात. सभेची वेळ रविवारी दुपारची करण्याचा आग्रहही तुमचाच. पहिल्या रविवारी दोन नवीन माणसे आली. तुम्ही वहीत ‘नवीन उपस्थिती: दोन’ असे लिहून खाली ‘पुढील सभेत विचारणे’ अशी रेघ मारलीत. आज बायका-मुले धरून खोली भरते.

झाडांविषयी थोडे. राखाडी सालीच्या ॲश झाडांना पोखरणारा ‘एमराल्ड ॲश बोरर’ हा हिरवा भुंगेरा 2006 मध्ये इलिनॉय राज्यात आढळला, आणि नंतरच्या वर्षांत शहराने असंख्य ॲश गमावले. आपल्या बागेची पश्चिम बाजूही उघडी पडली. नवीन झाडे देताना एकाच जातीची रांग लावू नये, अशी शिफारस समितीने केली, ती तुम्ही मांडल्यामुळे. एक कीड आली की सगळी ओळ जाते, हे त्या बाजूकडे पाहून कोणालाही समजत होते. ‘ओपनलँड्स’ या संस्थेचा ट्रीकीपर्स हा झाडांची निगा शिकवणारा अभ्यासक्रम 1991 पासून चालू आहे. तो पूर्ण करून सत्तरीत तुम्ही हातात छाटणीची कात्री घेतलीत, आणि खोडाला चिकटवून मल्चचा, म्हणजे झाडाभोवती पसरण्याच्या लाकडी चुऱ्याचा, ढीग रचणाऱ्या उत्साही स्वयंसेवकांना ‘मुळांना श्वास घेऊ द्या’ म्हणून ढीग परत ओढायला लावलात. बर ओक या जातीच्या ओक झाडांची रोपे तुमच्या देखत खांद्याएवढी झाली.

आपल्या बागेतील मुलांच्या खेळाच्या जागेचा आराखडा ठरत होता तेव्हा तुम्ही आम्हाला इंडियन बाउंड्री पार्क ही शिकागोतीलच दुसरी बाग दाखवायला घेऊन गेलात. येथील मूळ रहिवासी असलेल्या पोटावाटोमी लोकांशी 1816 मध्ये झालेल्या तहाने ठरलेल्या हद्दीवरून त्या बागेला नाव पडले आहे. 1960 च्या दशकात तेथील रहिवाशांनी मागणी लावून धरली, म्हणून एस्टेस अव्हेन्यूचा एक तुकडा वाहनांना बंद होऊन बाग वाढली. 1989 मध्ये मुलांनी सुचवलेल्या कल्पनांवरून आखलेले खेळाचे अंगण शेकडो शेजाऱ्यांनी आपल्या हातांनी उभारले. ते पाहून आल्यावर तुम्ही आमच्या सभेतही आधी मुलांना बोलावलेत. नकाशा जमिनीवर पसरला होता, मुलांना रंगीत टिकल्या दिल्या होत्या, आणि त्यांनी बहुतेक सगळ्या टिकल्या घसरगुंडी सोडून कोपऱ्यातल्या मोठ्या दगडावर लावल्या. आराखडा करणाऱ्यांना तो दगड हलवायचा होता. तो अजून जागेवर आहे आणि दिवसभर कोणी ना कोणी त्यावर चढलेले असते.

पैशाच्या बाबतीत तुम्ही कडक होता, आणि त्याबद्दल काहींनी तुम्हाला चिक्कूही म्हटले. बेक सेलमधून, म्हणजे घरी भाजलेले पदार्थ विकून, जमलेल्या डॉलरांची पावती, कोणी दिलेल्या हातमोज्यांची नोंद, उरलेल्या रोपांचे काय झाले त्याचा हिशेब, सारे त्याच वहीत. देणगी गोळा करून बागेसाठी वस्तू आणाव्यात, पण जे काम सार्वजनिक पैशातून व्हायला हवे ते आपण खिशातून करून टाकू नये, असे तुमचे मत होते. ते मला आधी हट्टाचे वाटत असे. आता वाटत नाही; श्रीमंत वस्तीची समिती स्वतःच्या पैशाने बाग चकचकीत करू लागली, तर 1982 चा दावा ज्या कारणाने झाला ते कारण दुसऱ्या दाराने परत यायचे.

वह्या समितीकडे सुपूर्द केल्यात, त्या फील्डहाउसच्या कपाटात कुलपात ठेवल्या आहेत आणि त्यांच्या प्रती काढण्याचे काम चालू आहे. नवीन चिटणीस म्हणून डेव्हनवर शिवणकामाचे दुकान चालवणाऱ्या, रविवारच्या सभांमुळे समितीत आलेल्या एका हैदराबादी बाईंची निवड झाली आहे. पिण्याच्या पाण्याच्या नळाचा विषय अजून मिटलेला नाही. तो पुढील सभेत पहिलाच घेतला आहे. तुमचा न्यू जर्सीचा पत्ता कळवावा, म्हणजे त्या सभेचे इतिवृत्त तुम्हाला पाठवता येईल. बाईंनी आवर्जून सांगितले आहे की मजकुरात काही राहिले असल्यास तुमच्या सवयीप्रमाणे लाल शाईने खुणा करून प्रत परत पाठवावी.

प्रकृतीची काळजी घ्यावी. काकांना नमस्कार, चिरंजीव नातवंडांना आशीर्वाद.

तुमचा नम्र,
फाटकासमोरच्या घरातला शेजारी