मोनालिसा छापताना

संपादक महोदय,

मोनालिसावर लेख आला की तिच्या कीर्तीची दोन कारणे हमखास वाचायला मिळतात: गूढ स्मित, नाहीतर 1911 ची चोरी. दोन्ही खरी, पण अपुरी. लिओनार्दोचेच ‘ला बेल फेरोनिएर’ हे व्यक्तिचित्र पाहा. अक्रोडाच्या फळीवरचे, सुमारे 63 बाय 45 सेंटिमीटरचे, नजर अशी की पाहणारा थबकतो. तेही लूव्र संग्रहालयाच्याच मालकीचे. तरी चित्रकलेच्या वर्तुळाबाहेर ते नाव फार थोड्यांना ठाऊक असते. या फरकात छपाईचा वाटा मोठा आहे आणि म्हणूनच हे पत्र वृत्तपत्राला लिहावेसे वाटले.

आधी चोरीविषयी. 21 ऑगस्ट 1911 रोजी सोमवार होता, संग्रहालय बंद होते. तिथल्या चित्रांना काचा बसवण्याचे काम पूर्वी केलेला विन्चेन्झो पेरुजा हा इटालियन कामगार चित्र घेऊन गेला. चित्र जागेवर नाही हे लक्षात यायला मंगळवार उजाडला. संग्रहालय पुन्हा उघडले तेव्हा नुसती रिकामी भिंत पाहायला रांगा लागल्या. ही चोरी पन्नास वर्षे आधी झाली असती, तर बातमीसोबत फार तर एखादे लाकडी ठशाचे चित्र छापता आले असते. पण 1911 पर्यंत हाफटोन ब्लॉक, म्हणजे लहानमोठ्या ठिपक्यांनी छायाप्रकाश दाखवणारे ठसे, आले होते, छायाचित्र थेट वृत्तपत्राच्या कागदावर उतरू लागले होते आणि पॅरिसच्या एकेका मोठ्या दैनिकाचा खप दहा लाखांच्या पुढे गेला होता. डिसेंबर 1913 मध्ये चित्र फ्लॉरेन्सला सापडेपर्यंत जन्मात संग्रहालयाची पायरी न चढलेल्यांनाही हा चेहरा पाठ झाला. फ्रेंच लेखक थेओफिल गोतिए आणि इंग्रज समीक्षक वॉल्टर पेटर यांच्या लेखनामुळे सुशिक्षितांत तो एकोणिसाव्या शतकातच गाजला होता, हेही विसरू नये. चोर काही अनोळखी चित्र घेऊन गेला नव्हता.

मात्र जाड ठिपक्यांच्या छपाईत प्रत्येक चित्र टिकत नाही. मोनालिसा टिकते, कारण तिची रचना दुरूनही वाचता येते: गडद केस आणि वस्त्र, त्यात चेहरा, छाती आणि हात हे तीन उजळ भाग, सगळे मिळून रुंद पायाचा त्रिकोण. टपालाच्या तिकिटाएवढी केली तरी ओळखू येते. फेरोनिएरच्या चित्रात हात दिसतच नाहीत, पुढचा कठडा आकृती कापतो, मागे काळोख. स्वस्त कागदावर तिचे अर्धे सौंदर्य शाईत बुडते.

खेद याचा की मोनालिसातही छापून येते ती फक्त आकृती. ओठांच्या आणि डोळ्यांच्या कडांशी लिओनार्दोने रंगाचे पारदर्शक लेप एकावर एक दिले आहेत. 2010 मध्ये जाहीर झालेल्या क्ष-किरण तपासणीत असा एकेक लेप एक-दोन मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि सगळे मिळून तीस-चाळीस मायक्रॉनचे आढळले. छाया कुठे सुरू होते ते सापडू नये, हीच ‘स्फुमातो’ची किमया. आता वृत्तपत्राचा स्क्रीन, म्हणजे छपाईच्या ठिपक्यांची जाळी, इंचाला 85 रेषांचा धरला, तर ठिपक्यांतले अंतर 0.3 मिलिमीटर होते. त्यात ही संथ छाया पायऱ्यापायऱ्यांनी तुटते. त्यावर कोणी संगणकात कॉन्ट्रास्ट वाढवला की ओठांच्या कोपऱ्यात रेघ उमटते आणि स्मिताचे छद्मी हसू होते. मग वाचक विचारतो, यात एवढे काय आहे? त्याचा प्रश्न रास्तच असतो, कारण त्याने चित्र पाहिलेलेच नसते.

म्हणून चित्र छापणाऱ्या विभागाला कळकळीची विनंती. कॉन्ट्रास्ट वाढवू नका. पिवळट हिरवी झाक जुन्या वार्निशची आहे, ती ‘दुरुस्त’ करून चेहरा गुलाबी करू नका. दोन्ही कडा कापू नका: तिथे खांबांच्या तळांचे जेमतेम तुकडे दिसतात, ते गेले की ती सज्जात बसली आहे हेच कळत नाही. इंटरनेटवरून चित्र घेताना भुवया आणि बाह्या तपासा. ठळक भुवया आणि लाल बाह्या असतील तर ती माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातली प्रत आहे. 2012 मध्ये स्वच्छ होऊन समोर आल्यापासून ती मूळ चित्राच्या जागी सहज खपते. आणि ‘कॅनव्हासवरील तैलचित्र’ ही ओळ कायमची काढून टाका. बरोबर ओळ एवढीच: ‘मोनालिसा, लिओनार्दो दा विंची, 1503 पासून पुढे, पॉप्लरच्या फळीवर तैलरंग, 77 बाय 53 सेंटिमीटर, लूव्र, पॅरिस.’ एका स्तंभात दोन-तीन ओळींत मावते.

आपली,
कलेतिहासाची एक अध्यापिका, कोल्हापूर