फुल्या फुल्या फुल्या

कोल्हापूर,
धुळवड

प्रिय भावा,

काल रात्री गल्लीत होळी पेटली, पोरांनी बोंब ठोकली आणि तुझी आठवण झाली. सातवीत असताना आपण मिरजकर तिकटीपासून घरापर्यंत बोंबलत आलो होतो, आणि तुझे आजोबा दारातच म्हणाले होते, "काय रं, वर्षाचा कोटा आजच संपिवताय काय?" पत्राचा विषयही शिव्यांचाच आहे, फक्त जरा लांबच्या. अवकाशातल्या.

पुतण्याबरोबर चित्रकथा करतोय हे तुला फोनवर बोललो होतो. चित्रं त्याची, संवाद माझे. लघुग्रहांच्या पट्ट्यात खाणकाम करणारं यान, नाव 'रंकाळा'. कप्तान बाई आहे आणि हाताखालची माणसं सगळी आपल्या पेठांतली. एका दिवाळी अंकाला आठ पानं पाठवली. कौतुकाच्या चार ओळींसकट ती परत आली, पण संवादांवर लाल पेन फिरलेलं. "आयला, नळी फुटली" याचं झालंय "अरे देवा, नळी फुटली". आणि कप्तानबाई लुटारूला जे म्हणते, त्या जागी काय असावं? "अरे दुष्टा!" मर्दा, दहा मिनिटांची हवा उरलेली असताना "अरे दुष्टा" कोण म्हणतंय? संगीत नाटकातल्या राक्षसालासुद्धा लाज वाटंल.

मग ठरवलं, नवी शिवीच घडवायची. ऐकणाऱ्याला लागली पाहिजे, पण संपादकाला पकडता येता कामा नये. जगात हा उद्योग पुष्कळांनी केलाय, म्हणून महिनाभर तेच उकरत बसलोय.

चित्रकथांतली सगळ्यात सोपी युक्ती तुला माहीत आहे. पात्र भडकलं की फुग्यात गुंडाळी, चांदणी, वीज, कवटी. मॉर्ट वॉकर म्हणून अमेरिकेतला व्यंगचित्रकार होता, 'बीटल बेली' ही शिपायांची चित्रमालिका काढायचा. त्यानं या चिन्हांना 'ग्रॉलिक्स' असं नावच ठेवलं. आपल्याकडं नाव ठेवायची गरज पडली नाही, आपण सरळ फुल्या मारतो. वर त्या बोलूनही दाखवतो: "तो मला फुल्या फुल्या फुल्या म्हणाला." माझ्या मते फुल्या जास्त प्रामाणिक. किती फुल्या आहेत ते मोजून शब्द ओळखायचा खेळ आपण वाचनालयात खेळलोच आहे. पण यानावर माणसं फुल्या तर बोलणार नाहीत.

टिनटिनमधल्या कॅप्टन हॅडॉकची गोष्ट झकास आहे. हा बाबा चित्रकथेत आला 1941 साली, पोरांच्या पुरवणीत. खलाशी आणि दारुडा, म्हणजे तोंड खराब असणारच, पण पोरांसमोर बोलणार काय? चित्रकार एर्जेला आधीचा एक प्रसंग आठवला. 1933 मध्ये युरोपातल्या चार सत्तांचा करार झाला होता आणि त्याचं नाव तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होतं. बाजारात एका विक्रेत्याचं गिऱ्हाइकाशी वाजलं आणि तो ओरडला, "अरे ए चौसत्ता करारा!" शब्दात वाईट काही नाही, पण आवाज शिवीचा. एर्जेनं तेच सूत्र धरलं आणि हॅडॉकच्या तोंडी अवघड, कानाला टोचणारे, पण निरुपद्रवी शब्द घातले. हे वाचताना मला गंगावेशच्या दूधकट्ट्यावरची भांडणं आठवली. तिथंही निम्मी शिवी शब्दात असते आणि निम्मी मान झटकण्यात.

विज्ञानकथावाल्यांचे प्रकार वेगळे. 1978 च्या 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' मालिकेत 'फ्रॅक' असा शब्द होता. 2004 साली ती मालिका नव्यानं आली तेव्हा त्याचं स्पेलिंग बदलून बरोबर चार अक्षरांचं केलं, कारण इंग्रजीतली खरी शिवी चार अक्षरांची! 'रेड ड्वार्फ' या मालिकेत 1988 पासून 'स्मेग' चालतं. त्याच नावाची इटलीची कंपनी फ्रीज विकते. म्हणजे घरात शिवी उभी करायची आणि तिच्यात दूध ठेवायचं. लॅरी निव्हेन या लेखकानं 'न्याय म्हणून काही नाहीच' अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्याची आद्याक्षरं जोडून 'टँज' केलं. मी पण करून बघितलं: न्याय काही नाही, 'न्याकाना'. पुतण्या म्हणाला, "काका, हे जपानी बिस्किट वाटतंय."

आपले जयंत नारळीकर कोल्हापुरात जन्मलेले. पहिली विज्ञानकथा 1974 साली स्पर्धेला पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावानं, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. बक्षीस मिळालं. त्यांचा कुणी शास्त्रज्ञ शिवी हासडतोय असं काही मला आठवत नाही, त्यामुळं तिथंही मदत नाही.

एकदा रात्री जेवताना आई भाजीत मीठ विसरली आणि म्हणाली, "हात्तिच्या!" मी घास तसाच धरून बसलो. हात, तिच्या... पुढं काय? पुढचं तोडलंय, आणि काय तोडलंय ते आईला आयुष्यात कधी सुचलेलं नाही. 'च्यायला'चं तेच. कोकणातला म्हातारा नातवाला लाडानं 'शिंच्या' म्हणतो, त्यात 'शिंदळीच्या' दडलंय हे नातवाला कुठं ठाऊक? आपण शिव्या नव्या बनवत नाही, जुन्या मोडून वापरतो. मोडका तुकडा तोंडात बसतो, कारण साचा ओळखीचा असतो. 'न्याकाना'ला साचाच नव्हता.

मग साचे शोधताना आत्ती आठवली. घाणेरडा शब्द तिच्या तोंडून कधी निघाला नाही, पण "मुडदा बशिवला तुजा" आणि "पटकी आली तुला" हे दिवसातून दहादा. पटकी म्हणजे कॉलरा. तो आत्तीनं स्वतः बघितलेला नसणार, तिच्या आजीनं बघितलेला असणार. ज्यानं गावंच्या गावं ओस पडली, तेच शिवीत उतरलं. आता सांग, यानावरच्या माणसाला कशाची भीती? तिथं पटकी नाही. तिथं गळती. जोडाला केसाएवढी फट पडली तरी सगळे संपले.

लगेच लिहून काढलं. "गळती लागली तुला!" लुटारूसाठी "गळक्या!" आणि कप्तानबाईचा राग फारच चढला तर "सात पिढ्यांचा गळका". पुतण्यानं मोठ्यांदा वाचलं, 'ळ'वर जोर देऊन, आणि खूश झाला. पानं परत पाठवलीत. उत्तर अजून नाही.

पण निकाल आज सकाळीच लागला. बोळात पोरं फुटबॉल खेळत होती. पुतण्यानं गोल सोडणाऱ्या शेजारच्या बारक्याला "ए गळक्या!" म्हणून हाक मारली. बारक्या तोंड पाडून घरात. त्याची आई बाहेर आली, "काय म्हणाला रं तो तुला?" बारक्या रडत म्हणाला, "गळक्या." बाईंनी क्षणभर विचार केला. अर्थ लागला नाही हे चेहऱ्यावर दिसत होतं. मग पुतण्याचा कान धरला आणि म्हणाल्या, "असलं घाण बोलायचं न्हाई, सांगून ठेवते!"

रंगपंचमीला येतोस का ते कळव.

तुझाच,
सात पिढ्यांचा गळका