कौलांचं राहून गेलं

आई, बाबा,

बाबा, आधी चष्मा लावा आणि आईला मोठ्याने वाचून दाखवा, मधलं काही गाळू नका.

रविवारी तुम्ही फोनवर विचारलंत की कंपनीने हॉटेल बरं दिलंय ना, मी हो म्हटलं, आणि तेव्हापासून घास गिळवत नाहीये. कंपनीने नाही पाठवलं मला. लिस्बनला मी स्वतःहून आलेय, हॉस्टेलच्या आम्ही चौघी, तिकिटं फेब्रुवारीतच काढलेली. पावसाआधी आगोटीला येते म्हणून तुम्हाला सांगितलं आणि ऐन कौलं शाकारायच्या वेळी मी इथे. पैसे माझ्या बोनसचे आहेत, घरासाठी ठेवलेल्यातला एक रुपया काढला नाहीये, आणि चौघींना एकत्र सुट्टी मिळायला सहा वर्षं लागली, एकीचं पोर लहान, एकीची सासू अंथरुणावर, आता नाही तर कधीच नाही असं झालं होतं. तुम्ही नको म्हणाला नसतात हे माहितीये मला. लगेच "जा गो बाय" म्हणाला असतात, आणि ते ऐकून मग माझा पाय निघाला नसता. म्हणून सांगितलं नाही. चुकलं माझं.

राहायची सोय छान आहे, काळजी करू नका. स्वयंपाकघर आहे, पातेल्यात भात लावतो, मेतकूट आणलंय. आपल्यापेक्षा साडेचार तास मागे आहे इथे आणि सूर्य रात्री नऊला मावळतो, त्यामुळे अंधारात फिरणं होतच नाही आई. घरमालकिणीने चावी हातात देताना "शाव" म्हटलं आणि मला एकदम कोर्लईच्या बाया आठवल्या, ओटीवर टोपली टेकून आपसात बोलायच्या ती त्यांची पोर्तुगीज वळणाची बोली. चावी, साबण, पाव, बादली, हे सगळे शब्द इथूनच रेवदंड्याला उतरलेत ना. लहानपणी किल्ल्यातल्या पोर्तुगीजांच्या सातखणी मनोऱ्याखाली खेळताना कधी वाटलं नव्हतं की हे बांधणाऱ्यांचं गाव मी बघेन.

पण खरं सांगायचंय ते कार्मोचं. टेकडीवरचा जुना मठ आहे. १ नोव्हेंबर १७५५, सणाची सकाळ, चर्चं माणसांनी भरलेली आणि भूकंप झाला, मागोमाग समुद्राचं पाणी नदीतून गावात आलं आणि राहिलेलं आगीत गेलं. कार्मोच्या देवळाचं छप्पर तेव्हा पडलं ते पुन्हा घातलंच नाही. दगडी कमानी तेवढ्या उभ्या, आणि वर सरळ आभाळ. मैत्रिणी फोटो काढत होत्या आणि माझ्या डोळ्यांपुढे ३ जून २०२०. निसर्ग वादळ. माजघरातून दिसणारं आभाळ. चार दिवस फोन लागला नाही, आणि लागला तेव्हा आईचं पहिलं वाक्य, "देव कोरडे आहेत गो." मी पुण्यात अडकलेली. तेव्हा म्हटलं होतं की यापुढे प्रत्येक पावसाआधी मी घरी असेन, आणि त्या कमानींखाली उभी राहून मला तेच आठवत होतं. तिथेच पायरीवर बसून रडले. आता बरी आहे.

बाबा, तुम्हाला एक आवडेल. भूकंपानंतर खालचा बाइशा भाग तेव्हाच्या मुख्य मंत्र्याने, मार्केस द पॉम्बालने, नव्याने उभा केला तेव्हा भिंतींच्या आत लाकडी चौकटी घातल्या, उभ्या, आडव्या, तिरक्या, म्हणजे हादरा बसला तरी घर हलेल पण पडणार नाही. गायोला म्हणतात, म्हणजे पिंजरा. तुम्ही पडवीला तिरके वासे मारून घेतलेत तेव्हा मी वाईट दिसतात म्हणून भांडले होते. राहू देत ते.

बाइशाच्या दुकानांत खारवलेला सुका मासा फळ्यांसारखा रचून ठेवतात, दारातच आगोटीचा वास. १२ जूनला रात्री संत अँथनीचा सण होता, अल्फामाच्या बोळांत दारोदार शेगड्या, त्यावर तारल्या भाजत होत्या, पावाच्या कापावर ठेवून हाताने खायच्या, काटे आपले आपण काढायचे. मला काटा काढून कोण देणार, बाबा? आणि आई, त्या सणाला तुळशीसारख्या झाडाची छोटी कुंडी एकमेकांना देतात, तिचा नाकाने वास घ्यायचा नाही, झाडावर हात फिरवायचा आणि हाताचा वास घ्यायचा. तू वृंदावनाशी तेच करतेस. कुंडी आणता येणार नाही, पण हात फिरवून आलेय.

आता ऐका. बाबांनी शिडीला हात लावायचा नाही, मागचं शिडीचं आठवतंय ना, ते पुन्हा नको. शाकारणीचे पैसे काल पाठवलेत, पाऊस उघडला की माणसं लावून घ्या, तोवर मागच्या पडवीवर ताडपत्री. बीपीची गोळी नाश्त्यानंतर, "नंतर घेतो" नाही. आई, विहिरीवर शेवाळ आलं असेल, पंप लाव, राहाटावर जाऊ नको. आणि न्हाणीतली रबरी मॅट कपाटात घडी करून ठेवायला नाही दिली मी.

हे रागाने नाही म्हणत गो. इतक्या लांबून दुसरं काय करणार.

२१ तारखेला सकाळी मुंबईत उतरते. गेटवेच्या लाँच पावसाळ्यात बंद, त्यामुळे पेणवरून एसटीने येईन, दुपार होईल. जेवायला थांबू नका, जेवून घ्या. बोंबलाची चटणी तेवढी ठेवा, थोडी.

तुमची,
बाय