लेकीच्या व्हिडिओंबद्दल

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. पत्रास कारण की, परवा फोनवर आपलं बोलणं अर्धवट राहिलं आणि जे बोलायला हवं होतं ते मी बोललोच नाही. तू चिडला होतास. लेक रात्री उशिरापर्यंत त्या गोल्फवाल्यांचे व्हिडिओ बघत बसते आणि आता स्वतःचे रील टाकायला लागली आहे, हे तू तीनदा सांगितलंस. "ज्यांना आयुष्यात एक मोठी स्पर्धा जिंकता आली नाही, ते हिला गोल्फ शिकवणार?" हे तुझं वाक्य. मी नुसता "हं, हं" करत राहिलो. पण फोन ठेवल्यावर मला चैन पडेना. कारण मी स्वतः त्याच लोकांचं बोट धरून या खेळात टिकलो आहे, आणि इतक्या वर्षांत हे तुला कधी सांगितलेलं नाही.

तुझी गोष्ट वेगळी. तुझ्या हातात क्लब वडिलांनी दिला. पकड कशी, पाय किती फाकायचे, दुसरा खेळाडू पट, म्हणजे भोकाकडे नेणारा हलका फटका, मारत असताना आपली सावली त्याच्या रेषेवर पडू द्यायची नाही, हे सगळं तुला चालता चालता मिळालं. मी चाळिशी ओलांडल्यावर सुरुवात केली. घरात, नात्यात कुणी हा खेळ खेळलेलं नव्हतं. सरावाच्या रेंजवर महिनाभर चेंडू मारून मी पहिल्यांदा कोर्सवर, म्हणजे खऱ्या मैदानावर, गेलो. पहिल्या टीवर, म्हणजे खेळ सुरू करायच्या जागी, माझ्या मागे चार अनोळखी माणसं आपल्या पाळीची वाट बघत उभी होती. हाताला इतका घाम सुटला होता की हातमोजा चढेना. टीच्या खुंटीवर ठेवलेला चेंडू तीनदा खाली पडला. शेवटी मारला, तर क्लबची खालची कड चेंडूच्या माथ्याला लागली आणि तो गवतातून सरपटत जेमतेम वीस पावलं गेला. मागून एकजण मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाला, "आज अंधार होणार बहुतेक." तिसऱ्या होलनंतर, म्हणजे अठरापैकी तीनच टप्पे खेळून, मी बॅग खांद्याला लावली आणि घरी आलो. पुढे दोन महिने तिकडे फिरकलो नाही. तुला मात्र "पाठ धरली आहे" असं सांगितलं होतं.

त्या दोन महिन्यांत मी हे व्हिडिओ बघितले. टीव्हीवरचं गोल्फ मी आधीही बघत होतोच, तुझ्याच शेजारी बसून. पण तिथे कॅमेरा आघाडीवरच्या खेळाडूंमागे असतो. एकाचा ड्राइव्ह, म्हणजे पहिला लांब फटका, लगेच दुसऱ्याचा पट, मग तिसऱ्याची बर्डी, म्हणजे ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी. त्यांचा वाईट फटका म्हणजे भोकापासून पंचवीस फुटांवर थांबलेला चेंडू. माझ्या वीस पावलांना त्या चित्रात जागाच नव्हती. मला वाटायचं की असा फटका फक्त माझ्याच हातून होतो.

मग मला रिक शील्स सापडला. इंग्लंडचा, पीजीए या व्यावसायिक गोल्फपटूंच्या संघटनेचा प्रशिक्षक. मँचेस्टरकडच्या एका रेंजवर लोकांना शिकवता शिकवता त्याने व्हिडिओ टाकायला सुरुवात केली आणि आज त्याचे वीस लाखांहून अधिक सबस्क्राइबर आहेत. त्याची एक मालिका आहे. वेगवेगळ्या कोर्सवर जायचं आणि ७५ फटक्यांच्या आत अठरा होलची फेरी पूर्ण करायचा प्रयत्न करायचा. पोटापाण्यासाठी गोल्फ शिकवणारा माणूस, तरी ते प्रत्येक वेळी जमत नाही. आणि जमत नाही हे तो लपवत नाही. चेंडू झाडीत गेला की आपण त्याच्यासोबत झाडीपर्यंत चालत जातो. तो खाली वाकून चेंडू कसा पडलाय ते बघतो, समोरची फांदी दाखवतो, इथून सरळ जायचं की बाजूने बाहेर काढायचा यावर आपल्याशी बोलतो. मग मारतो. कधी साधतं, कधी एका चुकीच्या तीन होतात.

माझ्या मते या लोकांची सगळी ओढ त्या झाडीपर्यंतच्या चालण्यात आहे. विचार कर, अठरा होलना चार तास लागतात. क्लब चेंडूला टेकलेला असतो तो दर फटक्याला सेकंदाच्या साधारण दोन हजाराव्या भागाइतका. उरलेला सगळा वेळ चालणं, शोधणं, ठरवणं, स्वतःला सावरणं. टीव्ही नेमकं तेच कापतो आणि हे लोक नेमकं तेच ठेवतात. ज्याला सोबत चालायला वडील होते त्याला याचं अप्रूप वाटणार नाही. ज्याला कुणीच नव्हतं, त्याला कुणीतरी शेजारून चालतंय हीच केवढी मोठी गोष्ट असते.

तू म्हणशील, त्यासाठी चांगले खेळाडू आहेत की. आहेत ना! ब्रायसन डिशँबोचंच घे. २०२० आणि २०२४ अशी दोनदा गोल्फची यूएस ओपन जिंकलेला माणूस. २०२४ साली पाइनहर्स्टला शेवटच्या होलवर लांबच्या बंकरमधून, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातून, त्याने मारलेला तो फटका आपण दोघांनी मिळून किती वेळा बघितला! पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याने आणखी एक गोष्ट केली, ती तू बघितली नाहीस. त्याने ठरवलं की घरावरून चेंडू मारायचा आणि पलीकडच्या ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक हिरवळीवर, एका फटक्यात भोकात घालायचा. नियम असा की पहिल्या दिवशी एकच चेंडू, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन. रोज व्हिडिओ. रोज फसायचं. पंधरा दिवसांत १२० चेंडू झाले, एकही आत गेला नाही. सोळाव्या दिवशी चौदावा चेंडू, म्हणजे सुरुवातीपासूनचा १३४वा, आत गेला. घराच्या अलीकडून त्याला भोक दिसत नव्हतं. चेंडू आत गेल्याचं कळल्यावर तो ज्या आनंदाने आरडाओरडा करत धावत सुटला, ते बघताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दोन यूएस ओपन नावावर असलेला माणूस सोळा दिवस जगासमोर रोज चुकतो आणि दुसऱ्या दिवशी परत येऊन उभा राहतो. तुझ्या लेकीने रात्री जागून हे बघितलं असेल, तर तिने काय वाया घालवलं ते मला सांग.

तुझा दुसरा आक्षेप होता की हे सगळे काही ना काही विकायला बसलेत. ते खरं आहे. टोपी, क्लब, चेंडू, सगळ्यावर कुणाचं तरी नाव असतं. पण हा प्रकार आजचा नाही. तू आजही ज्या पकडीने क्लब धरतोस, तिला ज्या जुन्या काळातल्या नामांकित खेळाडूचं, हॅरी व्हार्डनचं, नाव आहे, तो १९०० साली अमेरिकाभर सामने खेळत फिरला, तो स्पॉल्डिंग कंपनीचा 'व्हार्डन फ्लायर' नावाचा चेंडू खपावा म्हणून. त्याच दौऱ्यात त्याने यूएस ओपनही जिंकली. तो चेंडू थोड्याच वर्षांत हास्केलच्या रबरी गाभ्याच्या चेंडूपुढे मागे पडला. पण व्हार्डनला बघून ज्यांनी क्लब उचलला ते खेळत राहिले. आणि तुझा लाडका बॉबी जोन्स! १९३०मध्ये एकाच वर्षात चारही मोठ्या स्पर्धा जिंकून तो निवृत्त झाला आणि १९३१मध्ये हॉलिवूडला जाऊन त्याने गोल्फ शिकवणारे छोटे चित्रपट केले. त्यात नटनट्या चुकीचे फटके मारतात आणि तो त्यांना सुधारतो. आज लेक जे बघते त्याची बांधणी याहून फार वेगळी नाही. जोन्सने केलं की ते शिकवणं, आणि या पोरांनी केलं की दुकान, असं तुझ्यासारख्या न्यायी माणसाने म्हणू नये.

तरी यात काळजी करण्यासारखं काहीच नाही, असं मी म्हणणार नाही. एक धोका मी स्वतः भोगलाय. रोज नवा सल्ला. सोमवारी एकाने सांगितलं, मनगट असं वळव. बुधवारी दुसरा म्हणाला, मनगटाचा विचारच सोड, कंबर आधी फिरव. शुक्रवारी तिसऱ्याने खांद्यांवर बोट ठेवलं. तिघेही आपापल्या जागी बरोबर असतील, पण त्यांनी माझा स्विंग बघितलेला नव्हता. मी तिघांचंही ऐकलं आणि महिन्याभरात माझे चेंडू क्लबच्या मानेला लागून आडवे उजवीकडे जायला लागले. ते थांबलं, ते एका साध्या प्रशिक्षकाने तासभर माझ्यामागे उभं राहून बघितलं तेव्हा. त्याने फक्त चेंडूपासूनचं माझं अंतर चार बोटं वाढवलं. तेव्हा लेकीला हे जरूर सांग की खेळाची गोडी व्हिडिओतून घे, तिथली मोकळी वृत्ती घे, पण शरीर दुरुस्त करायला प्रत्यक्ष बघणारा डोळा लागतो. आणि तो डोळा तिच्या घरातच आहे.

दुसरी काळजी मोठी आहे, आणि तू बोलून दाखवली नाहीस तरी तुझ्या चिडण्यामागे तीच असावी असं मला वाटतं. ती मुलगी आहे. गोल्फचे व्हिडिओ करणाऱ्या पेज स्पिरानॅकचं नाव तू तिच्या तोंडून ऐकलं असशील. कॉलेजात अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या संघातून खेळलेली. २०१५ साली तिला दुबईच्या महिला स्पर्धेचं खास निमंत्रण मिळालं. तिचा कट चुकला, म्हणजे पुढच्या फेऱ्यांसाठी ती पात्र ठरली नाही, आणि लोक तिच्यावर तुटून पडले. खेळापेक्षा कपड्यांवर, दिसण्यावर. धमक्या आल्या. त्याबद्दल ती पुढे जाहीरपणे बोलली, ऑनलाइन छळाविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेसोबत उभी राहिली, आणि आज इन्स्टाग्रामवर तिला जवळपास चाळीस लाख लोक फॉलो करतात. लोक तिची बाजू घेतात किंवा नाकं मुरडतात. मला दिसते ती विशीतली एक पोर, जिने दोन वाईट फेऱ्यांची इतकी मोठी किंमत दिली. लेकीच्या रीलखाली उद्या कुणी घाणेरडं काही लिहिलं, तर ते दाखवायला ती तुझ्याकडे यायला हवी. आज तू फोन हिसकावून घेतलास, तर येणार नाही. खाली कोण काय लिहू शकेल याच्या सेटिंग तिच्या शेजारी बसून नीट कर, टाकलेल्या व्हिडिओत रोजची जागा आणि वेळ कळू देऊ नको म्हणून सांग. रील टाकणंच बंद कर असं सांगू नकोस.

आणि हे लोक खेळाच्या दाराबाहेरचे आहेत असंही आता राहिलेलं नाही. वेस्ली ब्रायन भावासोबत करामतीच्या फटक्यांचे व्हिडिओ करायचा, त्याने २०१७ साली पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक मालिकेतली आरबीसी हेरिटेज स्पर्धा जिंकली. २०२४मध्ये पीजीए टूरने ईस्ट लेकच्या कोर्सवर, हंगामाच्या शेवटच्या टूर चॅम्पियनशिपच्या आठवड्यातच, या व्हिडिओवाल्यांची वेगळी स्पर्धा भरवली. ल्यूक क्वॉन जिंकला. ग्रँट हॉर्वाट या व्हिडिओवाल्याची गोष्ट तर तुला पटणारच नाही. २०२५मध्ये त्याला टूरच्या एका स्पर्धेत थेट खेळायचं निमंत्रण होतं, आणि स्वतःची फेरी चित्रित करता येणार नाही म्हणून त्याने ते नाकारलं. आपल्या पिढीत असं निमंत्रण कुणी सोडलं असतं? मी दोन दिवस यावर विचार करत होतो. मला वाटतं, आपल्यासोबत चालणाऱ्या लोकांना मागे ठेवून एकट्याने आत जायला त्याचं मन झालं नसावं. माझा अंदाज चुकीचाही असेल.

आता माझी गोष्ट पुरी करतो. दोन महिन्यांनी मी परत गेलो. पहिल्या टीवर पुन्हा अनोळखी माणसं होती. मी त्यांना आधीच सांगितलं की मी नवीन आहे, तुम्ही पुढे जा. हे असं म्हणता येतं, आणि लोक ते आनंदाने मान्य करतात, हे मला व्हिडिओतूनच कळलं होतं. हरवलेला चेंडू तीन मिनिटांच्या वर शोधायचा नाही, बंकरमधून निघताना वाळू सारखी करायची, ग्रीनवर पडलेला खळगा कडेकडेने आत ओढून बुजवायचा, हेही तिथूनच. त्या दिवशी मी अठराही होल खेळलो. किती फटके झाले ते मोजले आणि लिहून ठेवले: १३१. तो कागद अजून माझ्या पाकिटात आहे. पुढल्याच वर्षी तू मला तुझ्यासोबत खेळायला बोलावलंस. मी येऊ शकलो तो त्या कागदामुळे.

म्हणून एवढंच मागतो. येत्या रविवारी तू, लेक आणि मी, तिघे नऊ होल खेळू. पहाटेची वेळ घे, मागे गर्दी नसेल. पहिला फटका तिला मारू दे. तिला फोन बॅगेला टेकवून चित्रित करायचं असेल तर करू दे, फक्त मागच्यांना थांबवायचं नाही एवढं ठरवू. तिचा चेंडू झाडीत गेला तर तू इथूनच सूचना देऊ नकोस, तिच्याबरोबर झाडीपर्यंत चालत जा. ती विचारेल तेव्हा बोल. मी मागून तुमच्या दोघांच्या बॅगा ओढत येईन.

वहिनींना नमस्कार सांग. आणि लेकीला सांग, त्या १३४व्या चेंडूबद्दल तिच्याशी बोलायला काकाकडे बरंच काही आहे.

तुझाच,
जुना जोडीदार